जुन्या जीपेस टो-बार: कोठें बसवावा व किती ओढावें

वसमत, औंढा व कळमनुरी ह्या तालुक्यांत फिरतांना अलीकडे आमच्या पाहण्यांत एक गोष्ट वारंवार येते. वीस-पंचवीस वर्षांची जुनी फोर-व्हील जीप, तिच्या मागील बंपरास वेल्डिंगनें चिकटविलेला लोखंडी हूक, आणि त्या हुकास अडकविलेली दुचाकी ट्रॉली. ट्रॉलींत कधीं खताचे कट्टे, कधीं फवारणीच्या पाण्याची टाकी, कधीं शिजविण्यास न्यावयाची ओली हळद. ज्या गृहस्थास ट्रॅक्टर परवडत नाहीं, किंवा ज्याचा ट्रॅक्टर नांगरटींत गुंतलेला असतो, त्यानें दारांतील जीपेस हें काम सांगावें ह्यांत गैर कांहींच नाहीं. उलट आम्हांस ती शहाणपणाची काटकसर वाटते. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ओढण्याचें काम जीपेस सांगावयाचें तर तें तिच्या कण्यास सांगावें, शेपटास सांगूं नये. आणि किती ओढावें हें ट्रॉलीच्या लांबी-रुंदीवरून न ठरवितां जीपेच्या वजनावरून ठरवावें.

ही गोष्ट आम्ही पुस्तकांतून शिकलों असतों तर बरें झालें असतें. ती आम्हांस ओढ्यांत शिकावी लागली. आमच्या जीपेस एका कारागिराकडून आम्हीं असाच हूक बसवून घेतला होता. काम दोन तासांत झालें. बंपराच्या पन्हळीस दोन भोकें, दोन बोल्ट, भोंवतीं वेल्डिंगची जाड रेघ व वर काळा रंग. पाहणारास तें अत्यंत मजबूत दिसे. दोन महिने तें टिकलेंही. तिसऱ्या महिन्यांत ओली हळद घेऊन येतांना ओढ्याच्या उतारावर एक आंचका बसला, आणि आरशांत पाहतों तों ट्रॉली मागें नव्हती. बंपराचा तुकडा हुकासह तोडून ती ओढ्यांत उतरली होती. तिच्यावर बसून येणारा गडी पाणी पिण्यासाठीं बांधावर मागें राहिला होता, म्हणून वांचला. कारागिरास आम्ही फारसा दोष देत नाहीं, कारण 'लौकर आटोप' हे शब्द आमचेच होते.

तुटलेला तुकडा घरीं आणून पाहिला, तेव्हां वेल्डिंग जसेंच्या तसें शाबूत होतें. फाटला होता तो वेल्डिंगलगतचा बंपराचा पत्रा. हें नीट समजून घेण्याजोगें आहे. बंपर हा धक्का सोसून चेपण्यासाठीं केलेला पत्रा असतो. ओढ सोसण्यासाठीं तो केलेला नसतो. ट्रॉली सरळ रस्त्यावर एका वेगानें ओढण्यास फार थोडें बळ लागतें. परंतु खळग्यांतून चाक वर निघतांना, गिअर बदलतांना, ब्रेक लावतांना तीच ट्रॉली कधीं मागें खेंचते, कधीं पुढें ढकलते, कधीं वर-खालीं हिसके देते. असे हिसके एका फेरींत शेंकड्यांनीं बसतात. लोखंड एका हिसक्यानें तुटत नाहीं. तार वाकवून-वाकवून तोडावी तसें तें थकून तुटतें, आणि वेल्डिंगच्या आंचेनें ज्या ठिकाणीं त्याचा पोत बदललेला असतो तेथें तें आधीं थकतें.

तेव्हां टो-बार चॅसिसच्या दोन लांब कांबींस बसला पाहिजे. कांहीं जीपांत ह्या कांबी पन्हळीच्या आकाराच्या असतात, कांहींत चौकोनी नळीसारख्या बंद. त्यांना मागील टोंकास जोडणारी एक आडवण असते. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी जीपेच्या ह्याच आडवणीस ओढहूक बसविलेला असे, परंतु तो नुसत्या आडवणीच्या जिवावर नसे. आडवणीपासून मुख्य कांबींपर्यंत ताण वांटून देणाऱ्या आधारपट्ट्या तेथें मुळांतच दिलेल्या असत. विलीज कंपनीनें १९४५ सालीं नागरी वापरासाठीं काढलेली सीजे-टूए ही जीप तर शेतकऱ्यासाठीं म्हणूनच पुढें केली गेली होती व तिला अवजारें ओढण्याचा दांडा जोडण्याची सोय होती. महिंद्रांच्या जीपा ह्याच घराण्यांतील. म्हणजे जीपेनें ओढणें ही कांहीं आमच्या मिस्त्रींनीं काढलेली नवी युक्ति नव्हे. घराणें जुनें आहे. विसर पडला तो आधारपट्ट्यांचा.

बसविण्याची रीत थोडक्यांत अशी. प्रथम जीप उंच उभी करून चॅसिसच्या मागील दोन हातांवरील चिखल खरवडून काढावा व हातोडीनें ठोकून पाहावें. चांगलें लोखंड खणखणतें. कुजलेलें बद्द वाजतें. आमची काळी माती कांबींच्या पोटांत साठून राहते व पावसाळाभर ओल धरते, त्यामुळें वरून रंग चकाकत असला तरी आंतून पापुद्रे सुटलेले असतात. पेचकस जोरानें दाबला असतां आंत शिरत असेल, तर त्या जीपेस टो-बार बसविण्याचा विचार त्या दिवशीं सोडून द्यावा व आधीं कांब दुरुस्त करावी. कांब शाबूत असल्यास दोन्ही कांबींच्या उभ्या अंगास बाहेरून लांब, जाड पट्ट्या लावून, आडवणीच्या मागें आडवा नळ किंवा चौकोनी कांब त्या पट्ट्यांस जोडावी. भोकें उभ्या अंगाच्या मध्यावर पाडावीं. वरच्या किंवा खालच्या ओठास पाडूं नयेत, कारण कांब वाकते तेव्हां सर्वांत अधिक ताण ह्या दोन ओठांवर असतो व मध्यावर तो सर्वांत कमी असतो. ओठावर आडवी वेल्डिंगची रेघ ओढणें हें तर करवत चालविण्यासारखेंच आहे. पन्हळीच्या कांबींत बोल्टाच्या आंतील बाजूस दुसरी पट्टी घालावी. कांब बंद नळीची असल्यास बोल्ट आवळतांना ती चेपूं नये म्हणून आंत नळीचा तुकडा घालावा. भोकाच्या उघड्या कडांस लाल रंग लावल्याशिवाय बोल्ट चढवूं नयेत.

बोल्ट कोणते, हा प्रश्न दुकानांत विचारला तर 'जाड द्या' एवढेंच उत्तर बहुतेक लोक देतात. बोल्टाच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असा आंकडा उठविलेला असतो. ८.८ मधील पहिल्या आंकड्याचा अर्थ असा कीं, त्या पोलादाच्या दर चौरस मिलिमीटरास सुमारें ८० किलोंची ओढ बसली म्हणजे तें तुटतें. आणि दुसऱ्याचा अर्थ असा कीं, त्या ओढीच्या ८० टक्के भार येतांच तें कायमचें ताणलें जाऊं लागतें. ज्याच्या माथ्यावर कांहींच आंकडा नाहीं तो बोल्ट फाटकास लावावा, टो-बारास लावूं नये. पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर सर्व बोल्ट पुन्हां आवळावे लागतात. रंग व गंज दबून नट सैल पडतात. हें दुसऱ्यांदां आवळणें आम्हीं तरी फारच थोड्या ठिकाणीं पाहिलें आहे.

आतां जोडणीच्या टोंकाविषयीं. ट्रॅक्टरास खीळ व कडें चालतें, कारण ट्रॅक्टर सावकाश चालतो. जीप चाळीसच्या वेगानें निघाली म्हणजे तेंच सैल कडें खिळीवर घणासारखें आदळत राहतें. जीपेस गोळा व त्यावर बसणारी वाटी हीच जोडणी योग्य. तिच्यांत ट्रॉली सर्व बाजूंस वळूं शकते, पण पुढें-मागें खेळत नाहीं. त्याखेरीज दोन साखळ्या ट्रॉलीच्या दांड्याखालून एकमेकींस तिरप्या छेदून जीपेच्या टो-बारास (बंपरास नव्हे) लावाव्या. वाटी निसटली तर दांडा त्या झोळींत पडतो, रस्त्यांत रुतत नाहीं. आमच्या ट्रॉलीस साखळ्या असत्या तर ओढ्याची ही हकीकत लिहिण्याचा प्रसंग कदाचित् आला नसता; कदाचित् अशासाठीं म्हणतों कीं, आम्हीं त्याही बंपरासच बांधल्या असत्या.

ओझें कसें भरावें हें बैलगाडी हांकलेल्या माणसास शिकविण्याची गरज नसावी. गाडी उलार झाली म्हणजे जूं वर उचलतें व बैलांचे गळे आवळतात. पुढें जड झाली म्हणजे खांदे सुजतात. जीपेच्या ट्रॉलीचेंही तसेंच आहे. उलार ट्रॉली जीपेचें मागील अंग उचलते व वेग वाढतांच सापासारखी डावी-उजवीकडे झोले घेऊं लागते. हे झोले एकदां सुरू झाले म्हणजे ब्रेक दाबून ते थांबत नाहींत, हळूहळू वेग सोडूनच थांबतात. म्हणून भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा दांड्यावर यावा असें भरावें. परंतु तोही हिस्सा फुकट येत नाहीं. जीपेच्या दोन आसांमध्यें ८० इंच अंतर आहे व गोळा मागील आसाच्या मागें ३० इंचांवर आहे असें धरा. ट्रॉली ६०० किलोंची, म्हणून गोळ्यावर ६० किलो. तर मागील आसावर ६० नव्हे, सुमारें ८२ किलो वाढतात व पुढील चाकांवरून २२ किलो उचलले जातात. ज्या चाकांनीं वळावयाचें, तींच हलकीं होतात. टो-बार जितका मागें लांबवावा तितकी ही तरफ वाढते. ट्रॉलीस वळावयास जागा मिळावी म्हणून दांडा हातभर पुढें काढणाऱ्या मिस्त्रींनीं हा हिशेब एकदां मांडून पाहावा.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ब्रेकांचा आहे. ओढण्यास इंजिन लागतें हें सर्वांस समजतें. थांबविण्यास काय लागतें हें अपघातानंतर समजतें. आपल्या ट्रॉलींस बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, व अनेक जुन्या जीपांस चारी चाकांस ड्रम ब्रेक असून पायास साहाय्य करणारी यंत्रणाही नसते. सर्व कांहीं उत्तम स्थितींत असतां एकटी जीप ताशीं ४० किलोमीटरांच्या वेगावरून ब्रेक लागल्यापासून सुमारें १२ मीटरांत थांबेल असें धरूं. त्याच ब्रेकांच्या जोरावर, जीपेच्या निम्म्या वजनाची ट्रॉली मागें असल्यास सुमारें १८ मीटर लागतील, आणि जीपेइतकीच जड ट्रॉली असल्यास २४ हून अधिक. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदांत ११ मीटर निघून जातात ते निराळेच. शिवाय ट्रॉली वळणावर मागून ढकलते तेव्हां जीप आडवी होण्याचें भय असतें, त्याचा हिशेब कागदावर येत नाहीं.

ह्यावरून मर्यादा कोठें घालावी? ब्रिटनमध्यें ब्रेक नसलेला ट्रेलर भरलेल्या स्थितींत ओढणाऱ्या मोटारीच्या निम्म्या वजनाहून अधिक नसावा, आणि कोणत्याही परिस्थितींत ७५० किलोंवर जाऊं नये, असा दंडक आहे. लष्करी जीपेसाठीं केलेला पाव-टनी ट्रेलर पाहिला तरी तेंच दिसतें: रिकामा सुमारें २५० किलो, वर माल ५०० पौंड म्हणजे सुमारें २२७ किलो, जीप स्वतः साधारण ११०० किलो. सैन्यानेंही जीपेच्या निम्म्याहून कमीच ओझें मागें लाविलें. आम्हीं आमची जीप वजनकांट्यावर घातली. ती १२४० किलो भरली. ट्रॉली रिकामी २६०. निम्म्याचा दंडक पाळल्यास मालास राहतात ३६० किलो, म्हणजे पन्नास किलोंचे सात कट्टे. आठवा नाहीं.

सात कट्ट्यांचें नांव काढतांच लोक हंसतात, हें आम्हांस ठाऊक आहे. जीप तर वीस कट्टे लीलया ओढते, फोर-व्हीलचा खालचा गिअर टाकला कीं चिखलांतूनही बाहेर काढते, असें ते म्हणतात. तें खरेंच आहे. खालच्या गिअरनें चाकांवरील जोर अडीच पटींच्या घरांत वाढतो. परंतु हा जोर ओढण्याचा आहे. डांबरी रस्त्यावर तर तो वापरतांही येत नाहीं. पुढचीं व मागचीं चाकें वळणावर वेगवेगळें अंतर कापतात, जुन्या जीपेंत तो फरक सांभाळणारी मधली यंत्रणा नसते, व कोरड्या डांबरावर फोर-व्हील चालविल्यास गिअरपेटींत पीळ भरून दांते तुटतात. तेव्हां शेतांतील चिखलांत वीस कट्टे ओढणारी जीप हमरस्त्यावर आली म्हणजे तिच्याजवळ ते वीस कट्टे थांबविण्यासाठीं उरतात तेच चार जुने ब्रेक.

पाण्याच्या टाकीविषयीं दोन शब्द निराळे लिहितों, कारण तेथें चूक फार होते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटरांची टाकी ही दिसावयास प्लॅस्टिकची हलकी वस्तु, पण भरली म्हणजे एक टन. पांचशें लिटरांची टाकी घेतली तरी ट्रॉली धरून ती वरील मर्यादा ओलांडते. अर्धी भरलेली टाकी वजनास कमी पण स्वभावानें अधिक वाईट, कारण ब्रेक लावतांच सगळें पाणी पुढें धांवतें व लगेच मागें परततें. दांड्यावरील भार क्षणांत वाढतो, क्षणांत उणा होतो. आंत आडवे पडदे असलेली टाकी मिळत असेल तर तीच घ्यावी. नसेल तर तीनशें लिटरांची लहान टाकी पूर्ण भरून दोन फेऱ्या कराव्या.

आणि ट्रॉलींत माणसें बसवूं नयेत. हें वाक्य लिहिणें सोपें आहे. हळद काढणीच्या दिवसांत पहांटे मजूर स्त्रियांस शेतावर नेण्याचें दुसरें साधन गांवांत नसतें, व बसूं नका म्हटलें तर मजुरी बुडते, हेंही आम्ही जाणून आहों. तथापि ४ एप्रिल २०२५ चा दिवस ह्या जिल्ह्यांत कोणी विसरलेलें नाहीं. वसमत तालुक्यांतील गुंज येथील स्त्रियांस शेतकामासाठीं घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह नांदेड जिल्ह्यांतील आलेगांव शिवारांत विहिरींत कोसळला व सात स्त्रियांचा अंत झाला. तेथें जोडणींत दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं. आमचा मुद्दा एवढाच कीं, ट्रॉली ज्या खड्ड्यांत जाते त्याच खड्ड्यांत तींतील माणसें जातात, आणि त्यांच्या हातीं ना सुकाणूं असतें ना ब्रेक. शेतमालकानें जीपेंत मावतील तितक्यांस जीपेंत घेऊन दोन खेपा केल्या तर डिझेल किती अधिक जळेल, ह्याचा हिशेब त्यानें स्वतःच करावा.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतों. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल वाहनांत करतां येत नाहीं, व त्याच कायद्यानें ट्रेलर हें नोंदणी करावयाचें स्वतंत्र वाहन मानलें आहे. टो-बार बसविण्यापूर्वींच परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करावी हें बरें. पंधरा वर्षांपुढील खाजगी जीपेस दर पांच वर्षांनीं नोंदणी नवी करून घेण्यास तेथें जावेंच लागतें, आणि बसविल्यानंतर विचारणें नेहमींच महाग पडतें. विमापत्रांत ट्रेलरचा उल्लेख आहे कीं नाहीं तेंही त्याच दिवशीं पाहून घ्यावें. मागील लाल दिवे व चमकणाऱ्या पट्ट्या ह्यांस तर कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. दिव्याची तार जीपेपासून ट्रॉलीपर्यंत नेणारी खोबणी हा टो-बाराचाच भाग समजावा. ती नसेल तर सूर्यास्तानंतर ट्रॉली जोडूं नये.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षां भाड्याचा ट्रॅक्टर काय वाईट? वीस कट्टे न्यावयाचे असतील तर मुळींच वाईट नाहीं. आम्ही तोच सांगूं. ट्रॅक्टरची ट्रॉली जीपेस जोडणें तर कोणत्याही कारणानें क्षम्य नाहीं. परंतु पांच-सात कट्टे बियाणें, एक फवारणी-यंत्र, दोन शेळ्या, विहिरीवरून दुरुस्तीस न्यावयाचा पंप, अशा किरकोळ खेपांनीं वर्ष भरलेलें असतें, आणि अशा खेपांसाठीं नीट बसविलेला टो-बार असलेली जुनी जीप हें फार उपयोगी जनावर आहे.

ह्या कामीं आपल्या संस्थेनें पुढाकार घ्यावा अशी आमची सूचना आहे. प्रत्येक सभासदानें निरनिराळ्या दुकानीं जाऊन निरनिराळ्या चुका विकत घेण्यापेक्षां संस्थेनें आपल्या भागांत आढळणाऱ्या तीन-चार जातींच्या जीपांसाठीं पट्ट्यांचे नमुने एकदां जाणत्या यंत्रज्ञाकडून आंखून घ्यावे, माथ्यावर आंकडा असलेले बोल्ट एकत्र मागवावे, आणि नट किती जोरानें आवळला तें दाखविणारा एक पाना संस्थेच्या कार्यालयांत ठेवावा. पाना मोलानें महाग वाटतो, पण तो वर्षांतून एका सभासदास दोनदांच लागतो. म्हणजे तो एकट्यानें घेण्याची वस्तुच नव्हे. खरिपाच्या खतांची ने-आण सुरू होण्यापूर्वीं एक दिवस ठरवून सर्व जोडलेल्या जीपा व ट्रॉल्या वजनकांट्यावर घ्याव्या, रिकामें वजन ट्रॉलीच्या बाजूवर पांढऱ्या रंगानें लिहावें, व त्याखालीं किती कट्टे तेंही लिहावें. नमुन्यासाठीं आमची जीप पहिली उभी करण्यास आम्ही तयार आहों. बंपर नवा आहे, व त्यास हूक नाहीं.